सासूबाईंचे कारभारी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई दिव्याहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आल्या. दुपारी टीव्ही माझ्या ताब्यात असायचा. मला जपानच्या समुराईंचा जुना नाद. कादंबरी संपली की मालिका, मालिका संपली की पुन्हा कादंबरी. मालिकेत माणसं जपानी बोलायची, खाली इंग्रजी अक्षरं पळायची. सासूबाईंना दोन्ही कळेना.

"एकटीच काय बघतेस? काय म्हणतोय तो, मला पण सांग ना," त्या म्हणाल्या आणि मी दुभाषी झाले.

जपानी नावं त्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. गादीवरचा तरुण सरदार 'रडका', त्याच्या वाईटावर टपलेला भाऊ 'चोरमांजर'. रडक्याला सांभाळून घेणारा म्हातारा प्रधान तेवढा मानाने 'कारभारी'. ते बुद्धमूर्तीपुढे बसले की इकडे सोफ्यावर सासूबाईही हात जोडायच्या. "आपलेच आहेत गं," म्हणायच्या.

माझी पंचाईत अशी, की ज्या कादंबरीवरून मालिका काढलेली, ती मी वाचलेली होती. रडक्याची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन कारभारी शेवटी पोट चिरून घेतात.

"वाचतात ना गं ते?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"वाचतात की," मी म्हटलं. नुकते टाके काढलेले, उगाच बीपी वाढायला नको.

शेवटी तो भाग आलाच. कारभारी पांढरे कपडे घालून अंगणात येऊन बसले.

"हे कुठे निघाले?"

"विहारात."

"विहारात जाताना बायको अशी रडते होय? खरं सांग."

सांगितलं. सासूबाई भडकल्याच. "घरात बुद्ध ठेवायचा आणि पोटात सुरा खुपसायचा? आणि हा रडका नुसता बघतोय! अरे, हात धर ना त्यांचा!"

रडक्याने धरला नाही. सासूबाईंनी मला टीव्ही बंद करायला लावला, काठी टेकत उठल्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली.

संध्याकाळी नवरा वागळे इस्टेटमधून आला तो जिलेबी घेऊन. मेणबत्ती आणि आईचे लाल डोळे बघून दारातच थबकला.

"कोण गेलं?"

"कारभारी गेले रे आपले," सासूबाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "कुठले? दिव्याचे?"

"जपानचे."

तो पुडा हातात धरून तसाच उभा. शेवटी सासूबाईंनीच तो काढून घेतला.

"आण इकडे. त्यांच्या मुलाला त्या जागेवर लावून घेतात का, ते उद्या बघू."