अक्काचा ब्लाउज
मशीनच्या तेलाचा वास आला की मला बेंगळुरूच्या शिवाजीनगरातला तो शिलाईचा कारखाना आठवतो. सातवीत शाळा सुटलेली मी लातूरहून आले होते. हात बसलेला पायमशीनवर आणि इथे सगळी मोटरची मशीनं. नुसता पाय टेकला की सुई सुसाट सुटायची. बोटातून आरपार जाईल या धास्तीने मी नुसते धागेच कापत बसायचे. शेवटी मालक म्हणाले, "आज शिवलं नाहीस तर उद्या येऊ नकोस." शेजारच्या मशीनवरच्या, निपाणीकडच्या अक्काने पिशवीतून स्वतःच्या ब्लाउजचं बेतलेलं कापड काढून माझ्यापुढे टाकलं. "हे शीव. बिघडलं तर मीच घालणार आहे की." "अगं अक्का, नवं कापड आहे!" "मग काय जुन्या चिंध्या शिवायला आलीस बेंगळुरूला? चप्पल काढ, पायाला कळू दे. स्वल्प, थोडंसंच दाब." मी अनवाणी पाय ठेवला आणि दाबलं. सुई धावली, तिच्यामागे मीही. शिवण वाकडीतिकडी झाली, पण बोटं शाबूत राहिली आणि कामही. दुसऱ्या दिवशी अक्का तोच ब्लाउज घालून आली, एक खांदा वर, एक खाली, आणि मालकांसमोरून ऐटीत गेली. आजही नवं मशीन आलं की मला तीच धास्ती वाटते. तरी "आधी मी बसते" असं म्हणणारी मीच असते.