भरती नसलेला समुद्र

गेम यायला तीन वर्षं लावली त्या लोकांनी. तीन वर्षं! दर वेळी नवा ट्रेलर, दर वेळी पुढची तारीख, आणि मी येडी प्रत्येक ट्रेलर ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा बघायचे. समुद्रातल्या मासेमारीचा गेम. होडी आपली, जाळं आपलं, वारा खरा, लाटा खऱ्या, असं त्यांचं म्हणणं. अर्नाळ्याला कोळ्याच्या घरात जन्मून मी असल्या गेमवर जीव टाकते याचं आईला भयंकर हसू यायचं. "मासेच बघायचेत ना? मग ये बाजारात, टोपली उचल माझी," ती म्हणायची.

सुरुवातीला मला तो माझ्यासाठीच हवा होता. मग बाबाला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. बाबा होडीवरचा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि हुकूमही त्याचाच. त्याची एक हाक वाऱ्यातही टोकापर्यंत ऐकू जायची. त्या माणसाला आता पाणी मागतानाही शब्द जुळवावे लागायचे. डॉक्टर म्हणाले, चाला, बोला, माणसांत जा. बाबा ओट्यावरसुद्धा येईना. खलाशी भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून पडायचा. ते बिचारे आईशी चार शब्द बोलून निघून जायचे, आणि मग हळूहळू येईनासे झाले.

हा असाच भिंतीकडे बघत संपणार, अशी मला धास्ती बसली होती. बंदर घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्याचं नाव काढलं तरी तो डोळे मिटून घ्यायचा. म्हणून मी गेमची वाट बघत होते. म्हटलं, हा समुद्राकडे जात नाही ना, मग समुद्रच घरात आणू. आंधळा मागतो एक डोळा, तशी माझी गत. मी तर दोन्ही डोळे मिळाल्यासारखी नाचत होते.

शेवटी एकदाचा आला. शनिवारची सुट्टी टाकली. अख्खा दिवस डाउनलोड चालला, मध्ये दोनदा लाईट गेली, मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गेम सुरू केला आणि शप्पथ सांगते, पाच मिनिटांत रडू यायचं बाकी राहिलं. पाणी म्हणजे गुळगुळीत निळी लादी. बगळा डोलकाठीतून आरपार गेला. किनाऱ्यावरची सगळी माणसं एकाच चेहऱ्याची. डोंगर पोखरून उंदीर म्हणतात, इथे उंदीरसुद्धा निघाला नव्हता. तीन वर्षं मला उल्लू बनवलं मेल्यांनी!

तरी कंट्रोलर बाबाच्या हातात दिला. आणलाय तर दाखवू तरी, असं म्हणून. त्याचा उजवा अंगठा धरून मीच बटणावर ठेवला. तो पडद्याकडे बघत राहिला. मग डाव्या अंगठ्यानं त्यानं होडी खोल पाण्यात नेली, जाळं टाकलं. आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला.

"काय झालं, बाबा? दमलास?"

"पानी... फिरू दे."

आता आमची मासेमारी कशी, तर समुद्रात रोवलेल्या खांबांना जाळं बांधायचं. पाणी वाहतं तसे मासे आत शिरतात, आणि पाणी थांबून उलटं फिरायला लागलं की जाळं वर ओढायचं. घाई करून उपयोग नाही. बाबानं जन्मभर तेच केलं, तर गेममध्ये दुसरं काय करणार? वर गेमच्या आकाशात पूर्ण चंद्र होता. त्याच्याकडे बोट करून तो म्हणाला, "पुनव हाय. पान्याला जोर असंल."

त्या गेममध्ये बटण दाबलं की मासे मिळत होते, बस्स. पण ते सांगायचा मला धीर होईना. कितीतरी दिवसांनी बाबा कशाची तरी वाट बघत होता. मीही शेजारी बसले. गेममधला चंद्र मावळला, सूर्य उगवला, परत चंद्र आला. खडकावरची ओली रेघ तसूभर हलली नाही.

"बाबा," मी म्हटलं, "ह्या समुद्राला भरती नाही येत."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यांनी बनवलीच नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. झालं, मला वाटलं, आता परत भिंत. तेवढ्यात त्याच्या घशातून घरघर आली. मी घाबरून पाणी आणायला उठले, तर तो हसत होता! वाकड्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी काढत हसत होता. "पुनवेला... भरती नाय!" आई धावत बाहेर आली. तिला त्यानं डाव्या हातानं पडदा दाखवला. तिनं कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "टाकी भरून ठेवलीय का रे मेल्यांनी?" त्यावर तो आणखी हसला.

मग म्हणाला, "त्याना बोलाव."

"कोनाला?" आईनं विचारलं.

"माज्या खलाश्याना. त्याना दाखव... ह्यो समुद्र."

आई चप्पल न घालताच पळाली.

तिघं आले. दारात अवघडून उभे राहिले, बाबाच्या तोंडाकडे बघावं की नाही, कळेना त्यांना. पण बाबाचं लक्षच नव्हतं. त्यानं पडद्याकडे बोट केलं आणि पाचच मिनिटांत आमची बाहेरची खोली दणाणली. कंट्रोलर या हातातून त्या हातात. होडी खडकावर चढवली, बगळ्यांना शिव्या दिल्या. बाबा मधोमध बसून हुकूम सोडत होता, "डावीकडं! अरे, डावीकडं!" अर्धे शब्द चिकटत होते आणि कोणाचंही काही अडत नव्हतं. सगळ्यात म्हातारा खलाशी कंट्रोलर उलटा धरून विचारत होता, "तांडेल, कुठला बटन दाबू?" तांडेल! लकवा मारल्यापासून आमच्या घरात तो फक्त पेशंट होता.

त्या गेमवाल्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये. पण खरं सांगायचं तर गेम चांगला निघाला असता तर बाबा एकटाच खोलीत खेळत बसला असता. मीही त्यावर खूश राहिले असते.

चहा झाला. निघताना म्हातारा खलाशी दारात थांबला. "तांडेल, उद्या पानी कधी फिरतंय?"

ह्याला काय ते माहीत नव्हतं? आमच्याकडे शेंबड्या पोरालाही तिथीवरून ते सांगता येतं. तो मुद्दाम विचारतोय, हे बाबालाही कळलं असणार. मग तो भिंतीला हात लावून उठला, उंबऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "सकाळी येतो बंदरावर. तितंच सांगतो."

आईनं गोळा केलेले कप परत खाली ठेवले आणि तिथंच बसून रडायला लागली. मलाही आवरेना.

"रडता काय दोघी?" बाबा आमच्यावर खेकसला. "माजा सदरा धुवा."