काका कोणाकडचे?

शहराच्या वाहतूक खात्याची हरवलेल्या वस्तूंची एक कचेरी होती. बसमध्ये, लाँचवर लोक जे जे विसरत ते सगळं तिथे येऊन पडे. तळघरातली लांबोडकी खोली, छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर छत्र्या, जेवणाचे डबे, एकेकटे बूट, दातांच्या कवळ्या. एकदा कोणी तरी दोन्ही कुबड्या विसरून गेलं होतं. तो माणूस घरी कसा पोचला, यावर कचेरीत आठवडाभर चर्चा चालली.

या खोलीत गेली एकोणीस वर्षं एक कारकून काम करत होते. आलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, तिच्यावर तारीख, ठिकाण आणि वर्णन लिहायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांना सगळे चिठ्ठीबुवा म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच सुखात होतं.

चिठ्ठीबुवांचं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. मुलगी झाली तेव्हा त्यांनी चव्वेचाळिशी ओलांडली होती. इस्पितळ सासुरवाडीच्या जवळ, म्हणून बायको तीन महिने आईकडे राहिली. आता बाळाला घरी आणायचं होतं. सासुरवाडी शहराच्या या टोकाला, घर नदीपलीकडे त्या टोकाला. एका रविवारी सकाळी निघायचं ठरलं.

माणसं पाच. चिठ्ठीबुवा, बायको, बाळ, बाळाला घरी नीट रुळवायला येणाऱ्या सासूबाई, आणि चिठ्ठीबुवांना लहानाचं मोठं केलेली त्यांची आत्या. सामान नऊ नग. त्यात चार पायांचा लाकडी पाळणा, अंघोळीचा टब, गादीची वळकटी आणि आत्याचा निवडुंग कुंडीसकट. आत्या दोन दिवस सासुरवाडीला मुक्कामाला आली होती, ती निवडुंग बरोबर घेऊनच.

“अहो आत्याबाई, निवडुंगाला पाणी लागत नाही. घरी ठेवायचा की,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणून तर आणला. मागे राहिला असता तर कोणी तरी दया येऊन पाणी घातलं असतं.”

सासूबाई आणि आत्या यांचं या जगात एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. टॅक्सी त्यामुळेच हुकली. सामान बघून टॅक्सीवाला म्हणाला, दोन टॅक्स्या लागतील. लगेच प्रश्न आला, बाळ कुठल्या टॅक्सीत? सासूबाईंच्या की आत्याच्या? अर्धा तास झाला तरी निकाल लागेना. दोन्ही टॅक्सीवाले एकमेकांकडे बघून हसले आणि रिकामेच निघून गेले. मग बसने नदीपर्यंत, लाँचने पलीकडे, आणि पुढे चालत, असं ठरलं.

बाळ पहाटे पाचपासून रडत होतं. भूक नाही, पोटदुखी नाही, नुसता सूर लागलेला. बसथांब्यावर पोचेपर्यंत बायकोच्या हाताला रग लागली. पिशवी सावरताना तिने शेजारी उभ्या असलेल्या एका काकांना म्हटलं, “जरा धरता का हिला?”

काका साठीचे, राखाडी स्वेटर, शांत चेहरा. त्यांनी बाळ घेतलं, डाव्या खांद्यावर किंचित तिरकं टाकलं, आणि बस येणार त्या दिशेला बघत उभे राहिले. बाळ गप्प झालं. सकाळपासून पहिल्यांदाच.

बस आली. “चला, चला!” असा एकच गलका झाला आणि सगळे चढले. काकाही चढले.

चिठ्ठीबुवांनी काकांना पाहिलं आणि मनात म्हटलं, हे सासुरवाडीचे. विचारायची मात्र त्यांची छाती नव्हती. लग्नात त्यांनी बायकोच्या सख्ख्या मामांना हॉलचा नोकर समजून खुर्च्या हलवायला सांगितल्या होत्या. मामांनी चाळीस खुर्च्या निमूट हलवल्या आणि न जेवता निघून गेले. तेव्हापासून सासरच्या कोणालाही ‘आपण कोण?’ असं विचारायचं नाही, हे त्यांनी कानाला खडा लावून ठरवलं होतं. ते अदबीने म्हणाले, “काका, त्रास होतोय तुम्हाला.”

“नाही, नाही,” काका म्हणाले.

काका या शब्दाचा हाच फायदा. कुठल्याही कुलपाला चालते अशी किल्ली. बायकोला वाटलं, हे नवऱ्याकडचे. त्या गोतावळ्यातली निम्मी तोंडं तिने अजून धड पाहिली नव्हती. आत्याने सासूबाईंचा भाऊ असेल असं धरलं. सासूबाईंनी आत्याचा दीर धरला, आणि बरा माणूस आहे, पण त्या घराण्यात कसा जन्मला, असं मनाशी म्हणाल्या.

बसमध्ये कंडक्टरने पाळण्याला हात लावला. “हे चालणार नाही. मोठं सामान आहे.”

चिठ्ठीबुवा खात्याचेच माणूस. नियम तोंडपाठ. “ज्या साधनात मूल निजलेलं असेल ते साधन सामानात धरू नये.”

“मूल आहे कुठे त्यात? मूल तर त्या काकांच्या खांद्यावर.”

नियम म्हणजे नियम. काकांनी बाळ पाळण्यात ठेवलं. बाळाने असा टाहो फोडला की पुढच्या बाकावरच्या गृहस्थांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. “काढा, काढा बाहेर!” कंडक्टर कानांवर हात ठेवून ओरडला. “पण पाळणा रिकामा दिसता कामा नये. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढतो.”

काकांनी बाळ परत खांद्यावर घेतलं. आत्याने निवडुंग पाळण्यात आडवा केला आणि त्यावर शाल पांघरली.

तपासनीस चढला. बाळ म्हटल्यावर त्याचाही चेहरा मऊ झाला. त्याने कौतुकाने शालीखाली बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

“चावरं आहे,” तो बोट चोखत म्हणाला. “किती महिन्यांचं?”

“तीन,” चिठ्ठीबुवा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

“तिसऱ्या महिन्यात दात?”

“आमच्याकडे लवकर येतात,” आत्या म्हणाली.

“तुमच्याकडे. आमच्याकडे नाही,” सासूबाईंनी लगेच सांगितलं.

तपासनिसाने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या थांब्यावर बोटाला रुमाल गुंडाळून उतरला.

नदीवर लाँच लागलेली होती. नऊ नग चढवताना चिठ्ठीबुवांनी काकांच्या मोकळ्या हातात निवडुंग दिला. काका काहीतरी बोलायला गेले, पण मागून टब आला आणि बोलणं टबाच्या पलीकडे राहिलं.

लाँचवर तरंगायची जाकिटं वाटणारा माणूस आला. “तुमची सहा.”

“पाच,” चिठ्ठीबुवा म्हणाले.

माणसाने बोट दाखवत मोजलं. सहा. चिठ्ठीबुवांनी मोजलं. सहा. स्वतःला दोनदा धरलं असेल म्हणून त्यांनी स्वतःला वगळून मोजलं, तर पाच आले, आणि क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग वाटेना. एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलावर कमी भरलेल्या गोष्टींची बोंब रोज होई. जास्त भरल्याची तक्रार घेऊन अजून कोणी आलं नव्हतं.

ते बायकोच्या कानाशी लागले. “तुझे ते काका आपल्याकडे राहायला येणार आहेत का? म्हणजे, येऊ देत, पण अंथरूण...”

“माझे? तुमचे ना?”

मग दोघांनी काकांकडे पाहिलं. एका हातात निवडुंग, खांद्यावर बाळ, आणि जाकिटातून वर आलेली मान. बाळ घोरत होतं.

बायकोने आईला विचारलं, चिठ्ठीबुवांनी आत्याला. चौघांची डोकी टबावर जमली.

“म्हणजे तो कोणाचाच नाही?” आत्या म्हणाली.

“कोणाचा का असेना,” सासूबाई म्हणाल्या, “पलीकडे पोचेपर्यंत बाळ उठवू नका.”

पण चिठ्ठीबुवांचा जीव टांगणीला लागला. लाँच नदीच्या मध्यावर आली तेव्हा ते काकांसमोर जाऊन उभे राहिले. मामांच्या चाळीस खुर्च्या डोळ्यांपुढून गेल्या. “काका, राग मानू नका. आपण कोण?”

काका जराही दचकले नाहीत. “मी होय? मी नळाचा वॉशर आणायला निघालो होतो. थांब्यावर ताईंनी बाळ दिलं. म्हणाल्या, जरा धरा. मी धरलं.”

“मग परत का नाही दिलंत?”

“घ्यायला कोणी आलंच नाही. बाळ रस्त्यात कसं ठेवणार? दोनदा द्यायला आलो. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, काका, त्रास होतोय तुम्हाला. तेव्हा म्हटलं, यांना माहीत आहे. दुसऱ्यांदा तुम्ही हे झाड दिलंत.”

चिठ्ठीबुवांनी निवडुंग परत घेतला. बाळ घ्यायला हात पुढे केले तेव्हा बाळाने झोपेतच कपाळाला आठी घातली. त्यांनी हात मागे घेतले.

पलीकडे उतरल्यावर रस्ता खणलेला निघाला. मातीच्या ढिगांवरून वरात चालली. पुढे वळकटी डोक्यावर घेतलेले चिठ्ठीबुवा, मागे दोन टोकांनी टब धरलेल्या आणि दोन दिशांना ओढणाऱ्या सासूबाई आणि आत्या, मग सामान ओढणारी बायको, शेवटी काका. पाळण्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. इमारतीची लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर काका पोचले तेव्हा त्यांना दम लागला होता, पण खांदा हलला नव्हता. बायकोने बिछाना घातला. काकांनी बाळ असं ठेवलं की ते उठलं नाही.

“एक फोन करू का?” ते म्हणाले. “घरी वाट बघत असतील.”

फोन बाहेरच्या खोलीत होता. सगळे जण आपण ऐकत नाही असं दाखवत ऐकत राहिले.

“हॅलो. हो, मीच. नदीपलीकडे... बाळाला पोचवायला आलो होतो... नाही, ओळखीचं नाही... मुलगी आहे... कोणावर गेलीय ते कसं सांगू, मला घरचं कोणीच ठाऊक नाही... तिसरी? बरं. चौथी लाव. हो, आणतो.” त्यांनी फोन ठेवला. “तिसरी बादली भरली म्हणते.”

चिठ्ठीबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते काकांना घेऊन तडक कोपऱ्यावरच्या नळवाल्याच्या दुकानात गेले. काकांनी खिशातून जुना, झिजलेला वॉशर काढून दाखवला. दुकानदाराने चार मापं लावून बघितली, पाचवं बसलं. मग दोघं धक्क्याकडे चालू लागले. मी तुमच्या दारापर्यंत येतो, असं चिठ्ठीबुवांनी तीनदा म्हटलं. काकांनी तीनदा नको म्हटलं. आता हात मोकळे आहेत, म्हणाले, हातात काही नसलं की मी वाट चुकत नाही.

लाँच यायला वेळ होता. चिठ्ठीबुवांच्या मनात सकाळपासूनची गोष्ट होती. “काका, तुम्हाला मुलं किती?”

“चार. चौघंही रडकी. एकही माझ्याकडे राहिलं नाही.”

“मग ही कशी राहिली?”

काकांनी विचार केला. “मी काहीच केलं नाही हो. तिलाही वाटलं असेल, तुमच्यापैकीच कोणी आहे.”

लाँच आली, काका चढले, हात हलवून आत गेले.

घरी परतताना चिठ्ठीबुवांना तिसऱ्या जिन्यावरच रडणं ऐकू आलं. आत सासूबाई म्हणत होत्या बाळाला गरम होतंय, आत्या म्हणत होती गार लागतंय, आणि बायको दोघींच्या मध्ये पंखा अर्धा चालू करून बसली होती.

“गेले का?” तिने विचारलं.

“गेले.”

“पत्ता घेतलात?”

चिठ्ठीबुवांचं तोंड उघडं राहिलं. सासूबाई आणि आत्या एकाच वेळी वळल्या आणि एकाच सुरात म्हणाल्या, “कमाल झाली या माणसाची!” मग असं चुकून एकमत झालेलं पाहून दोघी गप्प बसल्या.

चिठ्ठीबुवांनी बाळ घेतलं. डाव्या खांद्यावर, किंचित तिरकं. खिडकीशी उभे राहून, बस येणार आहे अशा चेहऱ्याने ते रस्त्याकडे बघू लागले. बाळ अर्धा तास रडत राहिलं. दुसऱ्या दिवशीही रडलं, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर, अजून बूटही काढले नव्हते, त्यांनी तिला घेतलं आणि ती गप्प झाली. बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. त्यांनी तिला हातानेच सांगितलं, बोलू नकोस, आणि तसेच बुटांनिशी उभे राहिले.