मधली चार पानं

इस्रायलमधल्या डिमोना गावातला माझा मित्र दिवसा बातमीदार असतो आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवतो. त्याची आई अलिबागकडची, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत. खिशात वही मात्र एकच. हिब्रू उजवीकडून लिहितात, म्हणून बातम्या एका टोकाने सुरू होतात. सूर लिहायचे डावीकडून, ते दुसऱ्या टोकाने.

परवा त्याच्याकडे चहा घेताना मी ती वही चाळली. बातम्या खूप पुढे सरकल्या होत्या, चाली मागेच राहिल्या होत्या. आपलं तरी वेगळं काय? नाइलाजाची पानं भराभर भरतात. मधल्या चार पानांवर मात्र सूर लिहायच्या नुसत्या रेघा आखलेल्या होत्या.

“इथे काहीच नाही?” मी विचारलं.

“चाल अजून सुचली नाही,” तो म्हणाला. “पण जागा धरून ठेवलीय. नाहीतर बातमी येऊन बसते.”