न्यायला कोण येणार

“रक्त कोण देणार?” असं मी विचारलं आणि संगीताची आई चहाचं पातेलं चुलीवर तसंच सोडून बाहेर निघून गेली.

संगीताला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून ती कळंबकडच्या सासरहून खोडदजवळच्या आमच्या गावी आली होती. मी तिथल्या उपकेंद्राची नर्स. गोष्ट दोन हजार सालानंतरची. त्या सुमारास वरून एक नवीन काम आमच्या अंगावर पडलं होतं, बर्थ प्लॅन. नाव भारी, काम साधं. बाळंतपणाआधी घरच्यांसोबत बसायचं आणि कुठल्या दवाखान्यात जायचं, गाडी कुणाची, सोबत कोण, वेळ पडली तर रक्त कोण देणार, एवढं ठरवून ठेवायचं. मीटिंगमध्ये साहेबांनी ते चहा संपायच्या आत समजावून सांगितलं. गावात मात्र एकेका घरात माझी अख्खी दुपार जायची. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी झबलंसुद्धा शिवत नाहीत. तिथे रक्ताची भाषा करणारी नर्स कुणाला आवडणार?

संगीताची आई शेवंतामावशी परत आत आली ती तावातच. “सिस्टर, भरल्या घरात असलं वंगाळ बोलू नका. माझी चार झाली ती याच खोलीत. कुनी रक्त मागितलं न्हाई.”

“मावशी, तेव्हा तुमच्या पायाला अशी सूज होती का?” मीही काही ऐकून घेणारी नव्हते. संगीताच्या पावलावर मी बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. बीपीही वाढलेलं होतं. अशी बाई घरी बाळंत करायची नाही, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा शिकवतात.

शेवटी तिचा भाऊ दत्ता म्हणाला, “माझं नाव घाला. आन् गाडी आपल्या बाळूची पिकअप. सकाळी टमाट्याचं क्रेट घेऊन नारायणगावला जातीच ती.”

संगीताचा नवरा रमेश रविवारी तिला भेटायला आला, तेव्हा त्यालाही मी सोडलं नाही. मान खाली घालून सगळं ऐकणारा, हो म्हणतानाही लाजणारा पोरगा. “रक्त मीबी देईन,” एवढंच तो म्हणाला. संगीता दाराआडून हसत होती. त्या दोघांचं छान जमलेलं होतं, हे कुणीही सांगितलं असतं.

नवव्या महिन्यात एका सकाळी दत्ता धावत उपकेंद्रावर आला. संगीताला अंगावरून रक्त जायला लागलं होतं. मी गेले, पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. बाळाला आईकडून रक्त पोचवणारी वार असते, ती बाळ बाहेर आल्यावर सुटायची असते. बीपी वाढलेलं असलं की कधी कधी ती आधीच सुटते. मग आत रक्त साठत जातं, आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. मी ठोके ऐकायची नळी लावली. काहीच लागेना. जागा बदलून पुन्हा लावली. संगीता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नळी पिशवीत टाकली आणि म्हणाले, “चला, निघायचं.”

बाळूने भरलेले क्रेट रस्त्यावर उतरवून टाकले. पिकअपमध्ये गोधड्या अंथरल्या. रमेशला गावातल्या बूथवरून फोन गेला. दवाखाना ठरलेला, डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलेलं. दत्ताचं रक्त जुळलं, बाळूनेही दिलं. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अजून थोडा उशीर झाला असता तर हीसुद्धा हाती लागली नसती. बाळ नाही. मुलगी होती.”

रमेश पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. घरच्या माणसांनी ठरवलं की संगीता शुद्धीवर यायच्या आत बाळाला पोचवून यायचं. बाळंतिणीला असलं दाखवत नाहीत म्हणे. फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं ओझं रमेशने स्वतः घेतलं. कुणाला घेऊ दिलं नाही.

महिन्याच्या मीटिंगमध्ये मी ही केस सांगितली. साहेब खूश झाले. “म्हणजे प्लॅन सक्सेसफुल.”

“साहेब, बाळ गेलं.”

“आई वाचली ना? तुमच्या प्लॅनमुळे वाचली. हे इतरांना सांगा.”

त्यांचं खरंच होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र त्या नकोशा झाल्या.

बाळंतपणानंतर नर्सने घरी जायचं असतं. टाके बघायचे, ताप बघायचा. इतरांच्या घरी या भेटींत मी बाळाचं वजन करते, बाळाच्या आजीशी भांडते. संगीताच्या घरी करण्यासारखं काही नव्हतं. तिला दूध आलं होतं. शरीराला कोण सांगणार? मी छातीला घट्ट फडकं बांधायला शिकवलं. ती गुमान हात वर करून उभी राहिली. खोलीत शेगडी नव्हती, धुरी नव्हती, बाळंतिणीच्या खोलीचा तो वास नव्हता. मला तिथे बसवेना, आणि उठवेही ना.

पुढच्या भेटीला तिने विचारलं, “सिस्टर, हे येतील का हो?”

“येईल की. त्याला न यायला काय झालंय?”

“न्हाई आले ना अजून.” मग आई बाहेर आहे हे बघून ती हळूच म्हणाली, “मला तिला दाखवलंच न्हाई. यांनी बघितलंय. यांनाच विचारायचंय मला, कशी व्हती म्हणून. दादाला इचारलं तर उठून जातो.”

नंतरच्या प्रत्येक भेटीत तिचं तेच. रमेश आला नव्हता. मोटरसायकलचा आवाज आला की तिची मान दाराकडे वळायची. जेवण कमी झालं. बोलणंही. टाके सुकले, पण बाई सुकत चालली. पुढे पुढे ती म्हणायला लागली, “मी नकोशी झाली असंन त्यांना.”

मी शेवंतामावशींना बाजूला घेतलं. “जावईबापूंना निरोप का नाही धाडत?”

“कोनत्या तोंडानं धाडू?” त्या रडायलाच लागल्या. “त्यांची पोर आमच्या घरी आल्यावर गेली. बारसं असतं तर पाव्हण्यांना बोलावलं असतं. ते आले असते, पोरीला घेऊन गेले असते. आता कशाला बोलावू? त्यांना पायजे तर ते येतील.”

आमच्याकडे पहिलटकरीण सासरी परत जाते ती अशी. बारशाला सासरचे येतात, मग सव्वा महिन्याने बाळबाळंतीण वाजतगाजत जाते. बारसंच नाही, तर परत जायची वाटच कुणाला ठाऊक नाही. मला असा राग आला की काय सांगू. ड्युटी नव्हती त्या दिवशी मी एसटीने कळंबला गेले आणि तिथून वाट विचारत रमेशच्या घरी. मनात म्हटलं, या सासूची चांगली खरडपट्टी काढायची.

शेतात कांदा काढणी चालली होती. सासू बांधावर आली. मी माझी ओळख सांगितली आणि विचारलं, “सून नकोय का तुम्हाला?”

“असं कसं बोलता, बाई? बोलावणं न्हाई आलं. त्यात आमचा कांदा निघालाय. आता न्यायला गेलो तर लोक काय म्हनतील? पोटचं लेकरू गेलं आन् हे आले कामाला बाई न्यायला. तिच्या आईला काय वाटंल? म्हनलं, माहेरी हाय, आईजवळ हाय, चार दिस पडू दे.”

खरडपट्टी काढायची राहूनच गेली. वाईट कुणीच नव्हतं. दोन्ही घरं एकमेकांचं मन राखत बसली होती आणि तिकडे पोरगी झुरत होती.

रमेश कांद्याच्या ढिगाजवळ उभा होता. जवळ आला आणि म्हणाला, “मी आल्तो, सिस्टर. दोनदा आल्तो. खोडदच्या फाट्यापत्तोर.”

“मग?”

“रिकामं कसं जायचं तिच्या म्होरं? काय बोलायचं, ते सुचंना.”

“काही बोलू नकोस. तिला तुला एक विचारायचंय. त्याचं उत्तर दे, बस्स.”

तो हातपाय धुऊन तसाच निघाला. आईने कांदे तिथेच टाकले आणि मोटरसायकलवर त्याच्या मागे बसली. मी माझ्या एसटीने. मी पोचले तेव्हा दोघी विहिणी ओसरीवर एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मी टाके बघायचं निमित्त करून आत डोकावले. रमेश जमिनीवर बसला होता आणि संगीता त्याच्यासमोर.

“केस लई व्हते,” तो सांगत होता. “काळंभोर. मुठी अशा आवळून धरलेल्या. नाक तुझं. हनुवटीला खळी व्हती, माझ्यासारखी.”

“खळी व्हती?”

“व्हय.”

मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्याने. मी दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. सासू एसटीने पुढे गेली, ही मोटरसायकलवर रमेशच्या मागे, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी बर्थ प्लॅनमध्ये एक प्रश्न स्वतःचा घातला. तो नवऱ्यालाच विचारायचा, सगळ्यांच्या देखत. काहीही झालं तरी, बोलावण्याची वाट न बघता, हिला न्यायला कोण येणार? साहेब म्हणाले, हे आपल्या फॉरमॅटमध्ये नाही. मी म्हटलं, नसू दे.