न पाहता दाबलेलं बटण

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. कोलकात्याजवळ डमडमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांवर यंत्राने हवेचा झोत मारला, आकडा बघितला, मग भिंगातून मागची नस बघितली आणि म्हणाल्या, "काकू, हा ग्लॉकोमा आहे."

बंगालीत काकाला काकू म्हणतात. माझी बायको सुमती शेजारी बसली होती, ती हसली. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू हे कळल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली.

मला जसं सांगितलं तसं सांगतो. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचता येतो. जातं ते कडेचं. आणि गेलं ते परत येत नाही. मोतीबिंदूसारखं काढलं आणि मोकळे झालो, असं यात नाही.

मी म्हणालो, "मला सगळं दिसतं."

ते उगाच म्हणालो नाही. मी सातवीपर्यंत शिकलो, साताऱ्याकडून फौजेत गेलो, बराकपूरला बदली झाली आणि तिथल्या मैदानावर फुटबॉलच्या रेफरीची शिट्टी हातात आली. पुढे छातीवर आंतरराष्ट्रीय रेफरीचा बिल्ला लागला. ढाका, काठमांडू, मस्कत, क्वालालंपूर, सगळीकडे शिट्टी वाजवून आलो. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी 'येस सर'पुरतं. सुमती मॅट्रिक. तिने एकेक नियम मराठीत करून वाचून दाखवला, मी घोकला आणि पास झालो. वय झाल्यावर बिल्ला गेला, पण दर रविवारी सकाळी डमडमच्या मैदानात पेन्शनरांची मॅच असते, तिथे शिट्टी माझीच.

आता मागे बघितलं की कळतं, खुणा कधीपासून होत्या. डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. डावीकडे ठेवलेला चहाचा कप मी दोनदा पाडला. "बघून चाला की," सुमती म्हणायची. मी चौकटीला शिव्या द्यायचो.

नस किती गेली ते कळायला व्हिज्युअल फील्ड टेस्ट करतात. म्हणजे नजरेचा पट्टा मोजतात. एक डोळा झाकून हनुवटी एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात टेकवायची. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. इकडेतिकडे बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. परीक्षा बिरीक्षा नाही, दिसेल तेवढं सांगायचं, बस.

मी ती परीक्षाच समजलो. यंत्र दिवा लावताना आतून टिक करतं, हे मिनिटभरात माझ्या लक्षात आलं. मग दिवा दिसो न दिसो, टिक झालं की माझा अंगठा दाबायचा. याचं कारण सवय. नियमात लिहिलंय की रेफरीने पाहिलं तेवढंच द्यावं. मैदानात मात्र मी दुसरं शिकलो होतो. क्षणभर घुटमळलात की बावीस खेळाडूंना वास येतो. हात ठाम वर गेला की निम्मं भांडण तिथेच मिटतं. तीस वर्षं मी "पाहिलं नाही" हे शब्द तोंडातून काढले नव्हते.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काकू, हा कागद भरवशाचा नाही. पुढच्या आठवड्यात परत करू. थेंब रोज रात्री घाला."

मी परत गेलो नाही. थेंब आठवले तर घातले. मुलगा न्यू टाउनला कंपनीत आहे, तो फोनवर ओरडला. मी फोन सुमतीकडे दिला.

सात महिन्यांनी बराकपूर स्टेशनबाहेर डावीकडून आलेल्या सायकलरिक्षाने मला पाडलं. गुडघा सोलला. रिक्षावाला ओरडत होता, "घंटी दिली, घंटी दिली!" घंटी मी ऐकली होती. रिक्षा दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाकावर अडीच तास. डाव्या डोळ्याचा दाब चांगलाच वाढलेला. ओसीटी म्हणून नसेचा फोटो काढतात, त्यात ती पातळ झालेली दिसली. उजवीकडेही सुरुवात झाली होती. डॉक्टरीणबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "कोणत्या डोळ्याला नुसते थेंब पुरतील आणि कुठे ऑपरेशन लागेल, ते मला फोटो आणि नजरेचा खरा नकाशा मिळून सांगतील. आज तरी खरा द्या. उजवाही गेला तर मला काही करता येणार नाही."

टेस्ट करणारे बिमलबाबू साठीला आलेले, सुपारी चघळणारे गृहस्थ. पहिल्या वेळीही तेच होते, पण गप्प होते. या वेळी तीन मिनिटांत त्यांनी यंत्र थांबवलं.

"रेफरीदादा, यंत्र मधूनच फसवतं. टिक करतं, पण दिवा लावत नाही. तुम्ही तिथेही दाबताय."

"मला दिसला."

"नव्हताच, तर दिसेल कसा?" त्यांनी सुपारी गालात सरकवली. "तरुणपणी आमच्या क्लबच्या सेमीफायनलला मी गॅलरीत होतो. शेवटच्या पाच मिनिटांत तुम्ही आमच्याविरुद्ध पेनल्टी दिलीत. तुमच्या आणि बॉलच्या मध्ये दोन माणसं उभी होती. तेव्हा न बघता शिट्टी, आज न बघता बटण!"

"ती पेनल्टीच होती," मी म्हणालो आणि उठून बाहेर आलो.

बाकावर सुमती माझा चष्मा मांडीवर घेऊन बसली होती. दार उघडं होतं, तिने सगळं ऐकलं होतं.

"घरी चल," मी म्हणालो.

ती उठली नाही. "अहो, नियमांचं पुस्तक तुम्हाला मीच वाचून दाखवलं ना? काय लिहिलं होतं त्यात?"

"तुला माहितीये."

"तुम्ही म्हणा."

"पाहिलं तेवढंच द्यायचं."

"मग? तुमच्या हट्टापायी उद्या तुम्हाला हाताला धरून संडासला मी नेणार का? माझे गुडघे बघितलेत?"

मी आत गेलो. बिमलबाबूंनी यंत्र पहिल्यापासून सुरू केलं. टिक. दिवा नाही, अंगठा वरच. टिक. टिक. डाव्या डोळ्याच्या वेळी कितीतरी टिक झाले आणि अंगठा हलला नाही. मैदानात एवढा वेळ शिट्टी न वाजवता मी कधी उभा राहिलो नव्हतो.

कागदावर डाव्या डोळ्याचा अर्ध्याहून जास्त भाग काळा होता. उजव्याच्या एका कोपऱ्यात काळा डाग. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "हा कागद भरवशाचा आहे."

डाव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टमी झाली. पाण्याला बाहेर पडायला बारीक वाट करून देतात. डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. मला दुखलं नाही, पण कात्रीचा आवाज आला. मग डोळ्यावर वाटीसारखं झाकण, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. उजव्या डोळ्यात दोन जातींचे थेंब, ते कायमचे. दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. सुमती घड्याळ घेऊन बसते.

जे काचबिंदूच्या वाटेवर असतील त्यांना एवढंच सांगतो. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब बघून घ्या, घरात कोणाला असेल तर आधीच. आणि त्या यंत्रापुढे हुशारी करू नका. ते तुम्हाला पास-नापास करायला बसलेलं नाही. माझे सात महिने गेले, त्यांत जे गेलं ते मी स्वतः घालवलं. डॉक्टरांचा, नशिबाचा कोणाचा दोष नाही.

चार महिन्यांनी, एका शनिवारी, परत तीच टेस्ट झाली. काळं होतं तेवढंच होतं, वाढलं नव्हतं. दाब दोन्हीकडे बारा, म्हणजे आटोक्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजवा राहील, काकू. मैदानात पळू मात्र नका. डावीकडून बॉल आला तर कळणार नाही."

निघताना मी बिमलबाबूंच्या दारात थांबलो. "ती पेनल्टी," मी म्हणालो, "मी पाहिली नव्हती. मध्ये दोघं होते."

त्यांनी यंत्रावर कापड घातलं. "आम्हाला चाळीस वर्षं माहीत आहे," ते म्हणाले. "चहा घेणार?"

घेतला. पाजला मात्र मी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी साडेसहाला मी डमडमच्या मैदानात गेलो. पेन्शनर जमले होते. त्यांनी नेहमीसारखी शिट्टी माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, "डावीकडचं मला दिसत नाही." एकाने खोकून घेतलं. मी शिट्टी त्यांच्या राखीव गोलकीपरच्या हातात दिली, लाइनमनचा झेंडा मागून घेतला आणि सगळं मैदान माझ्या उजव्या हाताला येईल अशा कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो.