खिशातले वांगे

मंगळवार, दिनांक १७ जानेवारी २०२३, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. मी ओसरीवर दाढी करीत होतो. आमच्या गावच्या भाजीपाला उत्पादक गटाचा अध्यक्ष हातात छापील कागद घेऊन आला आणि माझ्या नि आरशाच्या मधे उभा राहिला. तो माझ्या चुलतभावाचा मुलगा. वय पंचेचाळीस; घाई पंचविशीतली.

"आबा, इथं सही पाह्यजे."

"दाढी होऊ दे."

"अकरा वाजता बाई येऊन राह्यल्या बुलढाण्याहून. त्याच्या आत पाह्यजे."

"म्हणजे तीन तास वीस मिनिटे आहेत. माझी दाढी तेवढी लांब नाही."

प्रकरण वांग्याचे होते. आमचे गाव देऊळघाटच्या अलीकडे दोन कोसांवर. येथे एक वांगे पिकते : हिरवट, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. रोडग्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, जेवणात त्याची भाजी नसेल तर माणसे जेवतात, पण यजमानाला नावे ठेवून उठतात. अडचण एवढीच की जानेवारीत सगळ्यांचे मळे एकदम लागतात. बाजारात वांगे कोणी विचारीत नाही, तोडणीची मजुरी सुटत नाही, आणि टोपल्याच्या टोपल्या म्हशींपुढे पडतात. तिसऱ्या दिवशी म्हशीही तोंड फिरवतात.

त्यावर गटाने उपाय काढला : भौगोलिक मानांकन. अमुक पदार्थ अमुक भागाचाच, असे सरकारने मान्य करायचे. मग ते नाव आणि ती चिठ्ठी त्या भागातल्या शेतकऱ्यांनीच वापरायची. नागपूरचा एक व्यापारी हिवाळाभर रोज गाडी पाठवायला तयार होता, पण नावाला कागद असेल तरच. माल भरायला सडकेवर शेड बांधायची जागाही अध्यक्षाने पाहून ठेवली होती. बाकी सारे जमले होते. हे वांगे या मातीत जुने आहे, याची एका वृद्धाची साक्ष तेवढी राहिली होती; ती घ्यायला सरकारी खात्यातल्या बाई येणार होत्या.

साक्षीला मला निवडले, त्याला कारण होते. चौतीस वर्षे मी जमिनी मोजल्या. कोणासाठी हद्दीचा दगड बोटभर सरकवला नाही. सख्ख्या भावासाठीही नाही. तो अकरा वर्षे माझ्याशी बोलत नव्हता.

तोंड पुसून मी कागद वाचला. 'हे वांगे आमच्या गावात दोनशे वर्षांपासून पिकते. एका साधूने झोळीतून बी काढून माझ्या पणजोबांस दिले. पणजोबा या वांग्याचे मोठे भोक्ते होते.'

मी लाल पेन्सिल मागवली.

"पणजोबांना वांगे वर्ज्य होते. अंगाला खाज सुटत असे."

"आबा, ते आता खाजवाले येणार हायेत काय?"

"साधू कोण?"

"साधू असला का फाइलीले वजन येते."

"सही होणार नाही. बाईंना मी तोंडी सांगेन."

"काय सांगसान?"

"जे घडले ते."

"मंग ठीक," असे म्हणून तो समाधानाने गेला. काय घडले ते त्याला ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नव्हते, अशी माझी समजूत होती.

घडले ते असे. लग्नाला दुसरे वर्ष होते. सासुरवाडी जानेफळच्या पलीकडे. हिवाळ्यात तेथे रोडग्यांचे जेवण होते आणि हे वांगे मी प्रथम खाल्ले. तीन वेळा वाढून घेतले. हात धुताना सासऱ्यांकडे बी मागितले. जावयाने काही मागावे आणि सासऱ्याने नाही म्हणावे, ही रीत नव्हे. त्यांनी ती मोडली.

"लेक देली तुमाले," ते म्हणाले, "आता बी मागू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे तोंड धुण्याच्या निमित्ताने मी मळ्यात गेलो आणि एक वांगे तोडून पँटच्या खिशात घातले. मेहकर, चिखली, बुलढाणा असा तीन गाड्यांचा प्रवास. देठाचे काटे मांडीत शिरत होते. शेजारी पत्नी मांडीवर ओटी घेऊन बसली होती. चिखलीच्या स्थानकावर तिने विचारले, "पाय दुखते काय?" मी म्हणालो, "नाही." आयुष्यातली एकुलती एक चोरी आणि तिच्या पाठोपाठ एक खोटे, दोन्ही त्याच प्रवासात झाली.

बी राखेत जपले. ज्येष्ठात परसात वाफा केला. उगवायला बरेच दिवस लागले. मी मातीला दोष दिला. रोपे झाली, वांगी लागली, शेजारी विचारू लागले. मी रोपे सगळ्या गावात फुकट वाटली. चोरीचा माल विकणे मनाला पटेना. चार-पाच वर्षांत ते वांगे गावाचे झाले, आणि पुढे गावाला ते नेहमीचेच वाटू लागले.

तेव्हा अकरा वाजेपर्यंत माझ्यापुढे दोन वाटा होत्या. साधूला हो म्हणावे, तर चौतीस वर्षांची अक्कल आणि इभ्रत एका वांग्यावर जाणार. खरे सांगावे, तर गावाचे मानांकन जाणार, नागपूरची गाडी जाणार, आणि गावातला एकमेव सरळ माणूस सासऱ्याच्या मळ्यातला चोर ठरणार. मी धोतर नेसलो, टोपी घातली, आणि खरे सांगायचे ठरवले. खोटे सांगितले तर ते लक्षात ठेवावे लागते; या वयात तेवढे ओझे नको.

बाई वेळेवर आल्या. कामसू होत्या; चहाआधी वही उघडली. ओसरीवर अध्यक्ष, गटातले चारदोन शेतकरी आणि शेजारचा म्हातारा. हा माझा वर्गमित्र. एकदा माझ्या मोजणीत त्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, हातभर आत सरकला. तेव्हापासून तो मला 'साहेब' म्हणतो.

"काका," बाई म्हणाल्या, "हे वांगं गावात कधीपासून आहे?"

"माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

अध्यक्षाने खोकून पाहिले.

"त्याआधी?"

"नव्हते. मी सासऱ्यांच्या मळ्यातून चोरून आणले."

बाईंची लेखणी थांबली. अध्यक्षाने दोन्ही हातांनी डोके धरले. शेजारचा म्हातारा मात्र बसल्या जागी तरुण झाला.

"आयकलं काय बे!" तो सर्वांना म्हणाला. "माह्या धुऱ्यावर दुर्बीण लावणारा साहेब वांगेचोर निघाला!"

"आबा," अध्यक्ष कळवळून म्हणाला, "काऊन असं करून राह्यले? साधू काय वाईट होता?"

"लिहून घ्या," मी बाईंना म्हणालो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"लिहू नका बाई. खोटं बोलून राह्यले हे."

माझी पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली. आमच्या संसारात तिने मला चारचौघांत खोटे ठरवण्याचा हा पहिला प्रसंग. तोही मी खरे बोलत असताना.

"मी चोरले नाही?" मी विचारले.

"चोरलं. पण उगवलं नाई."

"उगवले. मी स्वतः पाहिले."

"तुमी पाह्यलं ते माहं." ती बाईंसमोर बसली. "बाई, माही माय बियाच्या वांग्याले लाल चिंधी बांधे. ते झाडावर पिवळं पडेपर्यंत कोणी हात लावत नसे. यायनं चिंधीवालं सोडलं अन् त्याच्या बाजूचं कवळं तोडलं. भाजीच्या वांग्याचं बी उगवते काय?"

"चिंधीचे घेतले असते तर त्यांच्या ध्यानात आले असते," मी खुलासा केला.

"पाहा! चोरीतबी मोजणी."

शेजारचा म्हातारा मांडीवर थापा मारू लागला. त्याला पाणी द्यावे लागले.

"मग काकू, उगवलं ते कोणतं?" बाईंनी विचारले.

"माह्या ओटीतलं. आमच्यात माय लेकीले ओटीत बी देते. वर तांदूळ, खाली चिंधीत गाठ. बाप्यायले ते माहीत नसते. गाडीत यायच्या खिशात काटे अन् माह्या मांडीवर बी. म्या इचारलं, पाय दुखते काय? तं म्हणतात कसे, नाही."

'नाही' हा शब्द तिने माझ्या हापिसातल्या बोलीत म्हटला. सगळे हसले. बाईही हसल्या, सरकारी माणसाने हसू नये असा नियम नाही.

"घरी आलो. यायनं वाफा केला. पंधरा दिस झाले, वीस दिस झाले, गवताबिगर काही नाई. हे रोज सकाळी वाफ्यापुढं उकिडवे बसत. एक दिस हे मोजणीले गेले अन् म्या माहं बी टाकलं त्यात. आठ दिसानं रोप वर आलं, तं हे मलेच सांगतात, मातीत दोष होता."

मी असे म्हणालो होतो. शब्दसुद्धा तेच होते.

"म्हंजे साहेब," शेजारचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "आयुष्यात एक चोरी केली, अन् तेबी साधली नाई तुले!"

"तुझा धुरा मात्र बरोबर मोजला होता," मी म्हणालो. त्याने पेल्यातले उरलेले पाणी पिऊन टाकले.

बाईंनी वहीचे नवे पान काढले. "काकू, तुमच्या आईंकडे बी कुठून आलं?"

"तिच्या मायकडून. ते गाव मेहकरच्या अल्याड. तिच्या मायले तिच्या मायनं. माह्या मावश्या चिखलीकडं देल्या, त्यायच्याकडंबी हेच वांगं. धाकल्या बहिणीले घाटाखाली देलं, वडनेर भोलजीले. तिनंबी ओटीतलं लावलं. झाड वाढलं चांगलं हातभर, पण वांगं पाणचट झालं, रेघाबी गेल्या. तिच्या सासूनं उपटून टाकलं."

"म्हणजे घाटावर येतं आणि घाटाखाली येत नाही?"

"दोनदा लावलं तिनं. सासूनं दोनदा उपटलं."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी अध्यक्षाचा छापील कागद उचलून बाजूला ठेवला. "माझ्याकडे जी फाइल येते तिच्यात एक साधू असतो," त्या म्हणाल्या. "हे वांगं कुठं संपतं, ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मानांकन एका गावाला नसतं, पट्ट्याला असतं. काकूंनी पट्टाच सांगितला. आता या सगळ्या गावांत जाऊन पडताळा घेऊ. जमेल असं वाटतं."

अध्यक्षाने डोक्यावरचे हात काढले. दुसऱ्याच क्षणी परत ठेवले. "सगळी गावं? म्हंजे गट?"

"संस्था सगळ्यांची मिळून करावी लागेल."

"मंग आबांचे सासुरवाडीवाले येतीन. अध्यक्ष कोण राहीन?"

"बी ज्यायचं, ते," पत्नी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

"शेड तरी आपल्याच सडकेवर राहू द्या," अध्यक्ष तिच्या पाठीला म्हणाला. आतून फक्त भांड्यांचा आवाज आला. तेव्हा त्याने माझ्याकडे वळून हळूच विचारले, "आबा, साधूचं काय करू?"

"त्याला वाटेला लाव."

"एक नकाशा लागेल," बाई वही मिटताना म्हणाल्या. "पट्ट्याची हद्द दाखवणारा. कोणी काढून देईल का?"

ओसरीवरची सगळी तोंडे माझ्याकडे वळली. शेजारच्या म्हाताऱ्याचेही वळले, आणि त्याने चक्क मान डोलावली.

दुपारी जेवण झाल्यावर मी जिल्ह्याचा जुना नकाशा जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार वांगी ठेवली, कारण कागद गुंडाळून परत वर येत होता. पत्नी समोर बसून सांगू लागली : थोरली मावशी अमुक गावी, तिच्या दोन लेकी तमुक गावी, मामेबहीण तिसरीकडे. मी टिंबे देत गेलो. ओढा, दगड, बांध, विहीर यांवरून मी हद्दी आखल्या आहेत. लेकी कुठे दिल्या यावरून हद्द आखण्याची ही पहिलीच वेळ. दोन ठिकाणी तिचे चुकले, असे मला वाटले. एका ठिकाणी माझेच चुकले होते. दुसरे अद्याप वादात आहे.

शेवटचे टिंब दिले तेव्हा उन्हे उतरली होती. मी विचारले, "इतकी वर्षे का सांगितले नाहीस?"

"सांगतलं असतं, तं तुमी गावाले रोपं वाटली असती काय?" ती नकाशावरचे एक वांगे उचलून पाहत म्हणाली. "स्वतःच्या हक्काचं कोणाले देता तुमी कधी? चोरीचं होतं म्हणून वाटलं."

कोपरा सुटून नकाशा गुंडाळला गेला; तो मी बांधून फळीवर ठेवला.

"अन् आता या वर्षीचं बी तुमीच धरा," ती आतून म्हणाली. "पण पिवळं पडल्याबिगर तोडू नका."

मी पेटीतून मोजणीची जुनी झेंडी काढली. तिच्या लाल भागाची बोटभर रुंद पट्टी फाडली. सहा वाजून दहा मिनिटांनी परसात गेलो. चौथ्या झाडाचे, खालच्या फांदीवरचे, सर्वांत रेघाळ वांगे निवडले. त्याच्या देठाला, काटे चुकवून, पट्टी बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.